उभी राहिलेली गाडी का थरथरते? निदानाच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्न नेमका कोणता

रात्रभर अंगणात उभी असलेली गाडी सकाळी काढली की थरथरते आणि थोड्या वेळाने शांत होते. मालक ती गॅरेजात नेईपर्यंत इंजिन तापलेले असते, टायर पूर्ववत गोल झालेले असतात, डिस्कवरचा गंज घासून गेलेला असतो. मेकॅनिकसमोर उभी राहते ती निर्दोष गाडी. मग अंदाजाने भाग बदलणे सुरू होते. आधी प्लग, मग इंजिनची फाउंडेशन, मग चारही चाकांचे बॅलन्सिंग, आणि शेवटी दोष पेट्रोलच्या माथी. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी शांतच बाहेर पडते, कारण आत आली तेव्हाही ती शांतच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार जागच्या जागी असते. हे निदान अवघड होते ते दोष फार गुंतागुंतीचा असतो म्हणून क्वचितच. दोष दिसण्याची वेळ आणि तपासण्याची वेळ जुळत नाही, हे त्याचे खरे कारण आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थितीत हा प्रश्न अधिक ठळक होतो. मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो 10 अंशांच्या आसपास उतरतो, आणि मधल्या चार महिन्यांत पाऊस व काळी माती. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात बहुतेक गाड्या उघड्यावर किंवा पत्र्याच्या शेडखाली उभ्या राहतात. एकीकडे पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग 44 आहे, तिथे टायर तासन्‌तास तापतात. दुसरीकडे शेतरस्ते आहेत, तिथे तेच टायर चिखलात माखतात. रबर, नायलॉन, ओतीव लोखंड आणि पेट्रोल हे चारही पदार्थ उष्णता आणि ओलाव्याला आपापल्या रीतीने प्रतिसाद देतात. त्यामुळे ‘उभी राहिल्यावर थरथरते’ या एकाच वाक्यामागे निदान चार वेगळी कारणे दडलेली असतात, आणि प्रत्येक कारणाचा कैवार घेणारा एक पक्ष आहे.

या पक्षांचे म्हणणे तपासताना एक सूत्र हाती येते. थरथर कुठे जाणवते, यापेक्षा ती केव्हा सुरू होते आणि किती वेळाने किंवा किती किलोमीटरने जाते, हा पुरावा जास्त भरवशाचा आहे. प्रत्येक कारणाच्या थरथरीला स्वतःचे असे आयुष्य असते. ते नोंदवले तर बहुतेक वाद भाग न खोलताच मिटतात. उरलेले का मिटत नाहीत, तेही स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

मोटारीची थरथर आवरण्याचा प्रयत्न मोटारीइतकाच जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी इंजिनातील असमतोल उलट्या तोलाने मारण्याची युक्ती काढली. 1931 मध्ये अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने इंजिन रबरावर तोलून बसवले. चार सिलिंडरचे इंजिन त्यामुळे मोठ्या इंजिनाइतके शांत वाटू लागले, आणि फ्रान्सच्या सिट्रोएनने ती पद्धत परवाना घेऊन उचलली. आज गॅरेजात ज्याला ‘फाउंडेशन’ म्हणतात, तो याच कल्पनेचा वारस. टायरची कथा समांतर चालली. दुसऱ्या महायुद्धानंतर टायरच्या सांगाड्यात नायलॉनचे दोर आले. ते मजबूत होते, पण रात्रभर उभ्या गाडीचे नायलॉन टायर खाली सपाट होऊन सकाळी धडधडत. म्हणून अमेरिकी गाडी उत्पादक नव्या गाड्यांना रेयॉनचे आणि पुढे पॉलिएस्टरचे टायर पसंत करू लागले. थोडक्यात, आपल्यासमोरची तक्रार पाऊणशे वर्षांपूर्वी ओळखली गेली होती, आणि ती पूर्णपणे सुटली असे मात्र कधीच झाले नाही.

भारतात या प्रश्नाला आणखी एक वळण मिळाले. डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेली मारुती 800 ही 796 सीसीची, तीन सिलिंडरची गाडी होती, आणि छोट्या शहरांतल्या मध्यमवर्गाने गाडीचा अनुभव घेतला तो मुख्यतः याच घडणीतून. तीन सिलिंडरचे इंजिन आपल्या रचनेमुळेच टोकांकडून डोलते. कमी आरपीएमवर ते जास्त जाणवते. 2020 मध्ये बीएस-6 निकष लागू झाल्यावर मारुतीने डिझेल गाड्या थांबवल्या, आणि 2024 मध्ये स्विफ्टही चारवरून तीन सिलिंडरवर आली. म्हणजे जुन्या चार सिलिंडरच्या गाडीवरून नवीकडे वळलेल्या मालकाला सकाळच्या थंड इंजिनाची थोडी थरथर दोष वाटू शकते, आणि खरा दोष असेल तर मेकॅनिक ‘ह्या गाड्या अशाच असतात’ म्हणून सोडून देऊ शकतो. दोन्ही चुका सारख्याच सहज घडतात.

टायरचा पक्ष

पहिला पक्ष चाकांकडे बोट दाखवतो. बहुतेक कार-टायरचा सांगाडा आज पॉलिएस्टरचा आणि पट्टे पोलादाचे असतात, पण अनेक टायरांत पट्ट्यांवर नायलॉनचा एक थर गुंडाळलेला असतो, वेगात पट्टे उचलू नयेत म्हणून. नायलॉनचा एक गुणधर्म इथे निर्णायक ठरतो. साधारण 50 अंशांच्या आसपास तो कडकपणा सोडून नरम पडतो, आणि थंड होताना ज्या आकारात असेल तो आकार धरतो. नागपूरहून यवतमाळला दीडशेच्या आसपास किलोमीटर मे महिन्याच्या डांबरावरून आलेल्या गाडीचे टायर या मर्यादेच्या सहज वर असतात. गाडी दारात उभी राहते, वजन त्याच चार ठिकाणी पडलेले, आणि रात्री टायर निवतात ते खालचा सपाटपणा स्वतःत घेऊन. सकाळी चाक फिरू लागले की तो सपाट भाग प्रत्येक फेऱ्याला एकदा आपटतो. 14 इंची रिमच्या सामान्य टायरचा परीघ सुमारे 1.9 मीटर असतो, म्हणजे ताशी 80 किलोमीटरला चाक सेकंदाला जवळजवळ 12 फेरे घेते. सस्पेन्शनखालच्या भागांची स्वतःची कंपनेही सेकंदाला 10 ते 15 या पट्ट्यातच असतात. म्हणून शहरात न जाणवलेली धडधड धामणगाव रोडला किंवा महामार्गाला लागताच एकदम वाढल्यासारखी वाटते.

या थरथरीचे आयुष्य किलोमीटरमध्ये मोजायचे. टायर फिरून पुन्हा तापला की नायलॉन सैल होतो आणि आकार परत येतो. त्याला साधारण 10 ते 25 किलोमीटर लागतात. यवतमाळहून निघालेली गाडी कळंब येईपर्यंत शांत झाली, तर टायरचा संशय बळकट होतो. इंजिन तर त्याच्या कितीतरी आधी तापलेले असते. गाडी महिनोन्‌महिने कमी हवेवर उभी राहिली असेल तर हा सपाटपणा कायमचा होऊ शकतो, आणि मग तो कळंबलाच काय, नागपूरलाही जात नाही. उभ्या गाडीच्या टायरमधली हवा हळूहळू कमी होते, शिवाय तापमान 5-6 अंशांनी उतरले की दाब सुमारे 1 पीएसआयने घटतो. त्यामुळे दुपारी भरलेली हवा पहाटे कमीच निघते.

याच पक्षाचे आणखी एक म्हणणे आहे, आणि ते या भागाला इतके लागू पडते की त्याला पुस्तकांत मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी. पावसाळ्यात शेतरस्त्याने आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला काळी माती भरते. ही माती चिकट, पाण्याने फुगणारी. ओली असताना ती चालत्या चाकात पसरत राहते, पण गाडी उभी राहिली की खालच्या भागात साचते आणि वाळून दगडासारखी घट्ट होते. बॅलन्सिंग करताना दुकानदार पाच-पाच ग्रॅमची शिसे लावत असतो. इथे एका बाजूला शंभर ग्रॅमचे ढेकूळ बसलेले असते. रिमच्या आत सुमारे 17 सेंटिमीटर त्रिज्येवर शंभर ग्रॅम माती असेल, तर ताशी 80 किलोमीटरला ती चाकाला जवळपास 9 किलो वजनाइतका झोक देते, आणि तो प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलतो. ताशी 40 ला तोच झोक चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून गावात गाडी ठीक वाटते. ही थरथर तापल्याने जात नाही. माती सुटून पडली तरच जाते, आणि कधी एका चाकाची पडून दुसऱ्याची राहिल्याने वाढतेही. रिमची आतली बाजू पाण्याने धुणे ही निदानातली सर्वांत स्वस्त चाचणी आहे. ती न करता केलेले बॅलन्सिंग मातीसकट केलेले असते आणि माती पडताच बिघडते.

गंजाचा पक्ष

ब्रेकची डिस्क आणि ड्रम साध्या ओतीव लोखंडाचे असतात. एका पावसाळी रात्रीत त्यांवर नारिंगी थर चढतो, आणि तो पहिल्या चार-सहा ब्रेकांत घासून जातो. प्रश्न उरतो तो पॅडखाली झाकलेल्या जागेचा. गाडी अनेक दिवस उभी राहिली तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो, जाडीत काही मायक्रॉनचा फरक पडतो, आणि तेवढाही ब्रेक दाबताना स्टेअरिंग व पेडल थरथरवायला पुरतो. मागच्या ड्रममध्ये ओढलेल्या हँडब्रेकचे लायनर ओलाव्याने चिकटून बसतात आणि सकाळी झटक्याने सुटतात. क्लचचेही तसेच. फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर आला की पहिला गिअर टाकून क्लच सोडताना गाडी हबकते, आणि पाच-दहा वेळा सुटल्यावर नीट होते. या पक्षाची कसोटी सोपी आहे. थरथर फक्त ब्रेक दाबताना किंवा फक्त क्लच सोडताना येत असेल, तरच हे कारण. सरळ जाताना, पाय कशावरही नसताना येणाऱ्या थरथरीला, अडकलेल्या हँडब्रेकचा अपवाद वगळता, गंज जबाबदार नसतो.

इंजिनचा पक्ष

तिसऱ्या पक्षाचा युक्तिवाद चाके फिरण्याआधीच सुरू होतो. गाडी जागेवर उभी असताना, न्यूट्रलमध्ये, स्टेअरिंग आणि सीट हलत असतील तर टायर आपोआप वादातून बाद होतात. मग तीन शक्यता राहतात. इंजिन नीट चालते आहे पण फाउंडेशन त्याचे कंपन झेलत नाही, इंजिन मिसिंग करते आहे, किंवा दोन्ही.

फाउंडेशनचे रबर उष्णतेने म्हातारे होते. दहा अंश तापमान वाढले की रबर कडक होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. बॉनेटखाली तापमान एरवीही जास्त असते. विदर्भाचा उन्हाळा त्यात भर घालतो. कडक झालेले रबर हिवाळ्याच्या पहाटे आणखी कडक असते आणि इंजिन तापल्यावर थोडे मऊ पडते, म्हणून ही थरथर दहा-पंधरा मिनिटांत कमी होते पण पूर्ण जात नाही. लाल सिग्नलला, एसी चालू असताना ती पुन्हा डोके वर काढते. इथे एक अपवाद नोंदवायला हवा. मे महिन्यात दुपारभर उन्हात उभ्या गाडीत बसताच लोक एसी पूर्ण सोडतात. तापलेल्या गाडीत कॉम्प्रेसरवर सर्वाधिक ताण येतो, आणि तीन सिलिंडरचे इंजिन स्लो स्पीडला त्या ओझ्याखाली हलते. दोन मिनिटे एसी बंद ठेवून थरथर गेली, तर फाउंडेशन बदलण्याचा खर्च लांबणीवर टाकता येतो.

मिसिंगची गोष्ट गंभीर आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. 800 आरपीएमला एक सिलिंडर पेटला नाही, तर सेकंदाला सहा-सात वेळा खाच पडते. माणसाचे बसलेले शरीर उभ्या दिशेने सेकंदाला 4 ते 8 कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते, हे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 2631 मध्येही गृहीत आहे. म्हणून एका सिलिंडरचे मिसिंग अंगाला लगेच कळते, आणि ते ‘गाडीच हादरते’ अशा शब्दांत सांगितले जाते. तासन्‌तास उभे राहिल्यावरच मिसिंग का व्हावे, याची कारणे अनेक. गळणाऱ्या इंजेक्टरमधून रात्रभर पेट्रोल झिरपून एका सिलिंडरचे मिश्रण दाट होते. झडपांवर साचलेला कार्बन थंड असताना पेट्रोल शोषून मिश्रण पातळ करतो. डिझेल गाडीत नळीच्या एखाद्या सैल जोडातून हवा शिरून डिझेल मागे उतरते, किंवा एखादा ग्लो प्लग गेलेला असतो. सर्वांत वाईट शक्यता हेड गॅस्केटची. बंद केलेल्या गरम इंजिनात कूलंटवर दाब टिकून असतो आणि बारीक भेगेतून तो एका सिलिंडरमध्ये झिरपतो. सकाळी पंधरा-वीस सेकंद गाडी हादरते, पांढरा धूर येतो, मग सारे ठीक. कापसाची वेचणी आणि सोयाबीनची कापणी झाली की शेतातले उंदीर घरांकडे आणि बॉनेटखाली येतात आणि कॉइलच्या वायरी कुरतडतात, हेही खरे; पण तुटलेली वायर तापल्यावर जुळत नाही. ती थरथर दिवसभर राहते आणि म्हणूनच चटकन सापडते.

काळी-पिवळीसारख्या प्रवासी वाहतुकीत चालणाऱ्या, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या जीपगाड्यांत या यादीत प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस जोडावे लागतात. ग्रीस आटलेला क्रॉस गाडी उभी राहिली की अडखळतो आणि चालल्यावर काहीसा मोकळा होतो. ती थरथर वेग घेताना वाढते आणि पाय काढला की बदलते.

पेट्रोलचा वाद

चौथा पक्ष सर्वांत नवा आणि सध्या सर्वांत मोठ्याने बोलणारा. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम 2003 मध्ये 5 टक्क्यांपासून सुरू झाला. जून 2022 मध्ये 10 टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी 2023 मध्ये ई-20 ची विक्री सुरू झाली, आणि 2030 चे उद्दिष्ट अलीकडे ओढून 2025 मध्ये 20 टक्क्यांचे मिश्रण देशभर रूढ झाले. सप्टेंबर 2025 मध्ये इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. सकाळी गाडी थरथरते ती यामुळेच, अशी अनेक मालकांची ठाम समजूत आहे. पेट्रोलियम मंत्रालयाचे ऑगस्ट 2025 मधले उत्तर असे की, 1 लाख किलोमीटरपर्यंत घेतलेल्या चाचण्यांत ताकद आणि इंधनखपत यांत लक्षणीय फरक आढळला नाही. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग व गॅस्केट 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात मात्र मूळ इथेनॉलविना चालण्यासाठी घडवलेल्या आणि 10 टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज 6-7 टक्क्यांनी घटेल, असे म्हटले होते. दोन्ही विधानांत मायलेज, ताकद आणि भागांचे आयुष्य आहे. थंड गाडीची पहिली मिनिटे नाहीत.

त्या मिनिटांविषयी रसायनशास्त्र काय सांगते ते पाहू. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जाळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, ई-20 ला सुमारे 13.5. जुन्या पेट्रोलसाठी जुळवलेल्या गाडीत ई-20 भरले की मिश्रण तेवढे पातळ पडते. गाडीचा ऑक्सिजन सेन्सर तापून काम करू लागला की संगणक जास्त पेट्रोल सोडून ही तूट भरून काढतो. सेन्सर तापेपर्यंतच्या, साधारण अर्ध्या ते एका मिनिटाच्या काळात मात्र तो ठरवून दिलेल्या आकड्यांवर चालतो. इथेनॉलला वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, ही आणखी एक अडचण. म्हणजे 2023 च्या आधीच्या गाडीत थंडीच्या पहाटे पहिला मिनिटभर इंजिन ओबडधोबड चालू शकते, हे म्हणणे निराधार नाही. त्याच वेळी 8-10 अंशांत पेट्रोलचे हलके घटक सहज वाफ होतात, आणि मिश्रणात ऐंशी टक्के पेट्रोलच आहे. ब्राझीलमध्ये जुन्या फ्लेक्स गाड्यांना थंडीत सुरू होण्यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी देत, पण ती अशा गाड्या शुद्ध इथेनॉलवर चालवण्यासाठी होती. आज 30 टक्के मिश्रण हे तिथले नेहमीचे पेट्रोल आहे.

पाणी वेगळे होण्याच्या भीतीचीही वेळेच्या कसोटीवर तपासणी करता येते. इथेनॉल ओलावा शोषते हे खरे, पण बंद टाकीतल्या पेट्रोलमधून पाण्याचा थर वेगळा पडायला एक रात्र पुरत नाही. त्यासाठी बाहेरून पाणी शिरावे लागते किंवा गाडी दीर्घ काळ उभी असावी लागते, आणि तसे झाले तर गाडी मिनिटाभराने सुधारत नाही. या सगळ्याचा अर्थ असा की ई-20 चे अपराधी असणे शक्य आहे, पण त्याच्या अपराधाचे आयुष्य फार थोडे आहे. पाचव्या किलोमीटरला टिकून असलेली थरथर त्याच्या नावे लावता येत नाही.

पुरावा कसा धरायचा

इथपर्यंतच्या विवेचनातून तपासणीचा क्रम निघतो, आणि तो नेहमीच्या क्रमाच्या उलट आहे. गाडी थंड असताना सुरुवात करायची. किल्ली फिरवण्याआधी कूलंटची पातळी, टायरची हवा आणि रिमची आतली बाजू पाहायची. मग एसी बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये, जागेवर मिनिटभर इंजिन ऐकायचे. इथे थरथर आली तर इंजिन, फाउंडेशन किंवा इंधन. न आली तर गाडी चालवायची आणि ती कोणत्या वेगाला येते, स्टेअरिंगमध्ये की सीटखाली, ते पाहायचे. स्टेअरिंगमधली बहुधा पुढच्या चाकांची, सीटखालची मागच्या. मोकळ्या सरळ रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून वेग तोच असताना थरथर तशीच राहिली तर ती चाकांची. गेली किंवा बदलली तर इंजिन वा शाफ्टची. शेवटी, ती कोणत्या किलोमीटरला गेली याची नोंद. वाहनांच्या प्रदूषण चाचणीत गाडी किमान सहा तास ठरावीक तापमानात थंड होऊ दिल्याशिवाय चाचणी सुरूच करत नाहीत. दुरुस्तीच्या धंद्यात मात्र हा नियम अपवादानेच पाळला जातो.

यावर पहिला आक्षेप स्कॅनरवाल्यांचा असतो. ओबीडी प्रणाली कोणत्या सिलिंडरने किती वेळा दगा दिला हे साठवते, मग थंड गाडीची वाट कशाला? स्मृती असलेले हे एकमेव उपकरण आहे, हे मान्यच करावे लागेल, आणि मिसिंगच्या बाबतीत ते मोलाचे आहे. पण स्कॅनरला टायर दिसत नाही, चिखल दिसत नाही, फाउंडेशनचे रबर दिसत नाही. काही गाड्यांत तर सुरू झाल्यावरच्या पहिल्या क्षणांत मिसिंगची मोजणीच चालू नसते. कोड आला तर दिशा मिळते. न आल्याने इंजिन निर्दोष ठरत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी मिस्त्रींचा. बॉनेटवर हात ठेवून, गिअरमध्ये किंचित रेस देऊन फाउंडेशन ओळखणारे हात जिल्ह्यात आहेत, आणि त्या कौशल्याला पर्याय नाही. त्या हातासमोर थरथरणारी गाडी यावी, एवढेच इथले म्हणणे आहे. ताप उतरलेल्या रोग्याची नाडी पाहून तापाचे कारण सांगण्याची सक्ती आपण त्यांच्यावर करत असतो. तिसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो सर्वांत वजनदार. झरी-जामणी किंवा महागावहून आलेल्या माणसाने गाडी रात्रभर यवतमाळात कशी सोडायची? प्रवासी गाडीचा तर तो एका दिवसाचा धंदा. याला अर्धेच उत्तर आहे. तपासणीचा मोठा भाग मालकाला घरीच करता येतो, मोबाइलवर पहिल्या मिनिटाचे चित्रण करता येते, आणि किलोमीटरची नोंद कागदावर घेऊन जाता येते. उरलेल्या अर्ध्यासाठी, विशेषतः हेड गॅस्केटचा संशय असेल तेव्हा, गाडी सोडण्यावाचून गत्यंतर नाही.

‘आपोआप जाते ना, मग राहू दे’ हा चौथा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. टायरच्या तात्पुरत्या सपाटपणाबाबत तो बरोबर आहे. तिथे काहीच करायची गरज नसते. डिस्कवरच्या एका रात्रीच्या गंजाबाबतही बरोबर. पण पंधरा सेकंदांत जाणारी थरथर कूलंट झिरपल्याची असेल, तर पुढची पायरी इंजिन तापून बसण्याची आहे. सर्वांत लवकर जाणारी थरथर सर्वांत निरुपद्रवी असते असे गृहीत धरणे, हीच या प्रश्नातली सर्वांत महागडी चूक आहे.

काय सुटलेले नाही

टायरच्या सपाटपणाला उन्हाळा जास्त कारणीभूत की हिवाळा, यावर एकमत नाही. उष्णतेत ठसा खोल बसतो, थंडीत तो जास्त किलोमीटर टिकतो. दिवसा 45 अंश आणि रात्री त्याहून बरेच कमी, अशा मे महिन्याच्या चक्रात दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळतात, आणि टायरच्या रचनेनुसार उत्तर बदलते. फाउंडेशनच्या आयुष्याबाबतही तसेच. कंपन्यांच्या वेळापत्रकांत बहुतेक भागांचे आयुष्य किलोमीटर आणि वर्षांत मांडलेले असते. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणारी पण सहा उन्हाळे उघड्यावर काढलेली वणीची गाडी त्या हिशेबात कुठे बसते, याचे उत्तर त्यात नाही. ई-20 चा वाद मिटायचा तर 2023 पूर्वीच्या गाड्या रात्रभर थंड करून, त्याच गाडीत दोन वेगवेगळी मिश्रणे भरून पहिल्या मिनिटातले मिसिंग मोजावे लागेल. तशी तुलना समोर येईपर्यंत एका बाजूला मालकांचे अनुभव आणि दुसऱ्या बाजूला मायलेज-ताकदीच्या चाचण्या, अशी समांतर भांडणे चालू राहतील.

प्रशिक्षणाचा मुद्दाही उघडाच आहे. मोटार मेकॅनिकचा आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम इंजिन, क्लच, ब्रेक, सस्पेन्शन अशा विभागांतून जातो, तर थरथर ही तक्रार या सर्व विभागांच्या सीमारेषेवर उभी असते. टायरचे दुकान आणि इंजिनचे गॅरेज हे तर वेगळेच धंदे. दोघांपैकी कोणाकडे आधी जायचे हे आज मालकालाच ठरवावे लागते, आणि तो निर्णय बहुधा जवळ काय आहे यावर होतो.

इलेक्ट्रिक गाड्यांमुळे या प्रश्नाची मांडणीच बदलू लागली आहे. तिथे सिलिंडर, क्लच आणि पेट्रोल तिन्ही नाहीत, म्हणून वर मांडलेल्या चार पक्षांपैकी दोन पूर्ण गळतात. उरलेले दोन मात्र बळावतात. बॅटरीमुळे गाडी जड होते, टायरवर उभ्या जागी जास्त भार पडतो, आणि इंजिनाचा आवाज नसल्याने सपाट टायरची धडधड लपत नाही. मोटारच बराचसा वेग कमी करत असल्याने डिस्कला पॅड कमी लागतात आणि गंज घासून जाण्याची संधीही कमी मिळते. इंजिनाचा गोंधळ बाजूला सारून टायर आणि गंज यांचा खरा वाटा या हवेत किती, हे अशा गाड्यांवर प्रथमच निखळ मोजता येईल.